‘हात नको लावू’ सोडून आपण बाळाशी काय बोलतो?

मधली_सुट्टी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

दोन वर्षं मी एका संस्थेच्या कार्यक्रमात काम केलं. पूर्व उपनगरातली डोंगरावरची वस्ती. रिक्षा खालच्या नळापर्यंत, पुढे पायऱ्या. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल असलेल्या घरी आठवड्यातून एकदा ताई जाणार, तासभर बसणार, आईला बरोबर घेऊन मुलाशी खेळणार. ताई त्याच वस्तीतल्या, बहुतेक दहावी-बारावी झालेल्या. मी ताई नव्हते. ताईंबरोबर जाऊन कोपऱ्यात बसायचं आणि टिपायचं, हे माझं काम. वहीचा आडवा कागद, त्यावर चार रकाने: हुकूम, प्रश्न, सांगणं, उत्तर. दहा मिनिटांत आई मुलाशी जे जे बोलेल त्याची एकेक रेघ त्या त्या रकान्यात. ‘उत्तर’ म्हणजे पोरानं नुसतं ‘अँ’ केलं आणि आईनं त्यावर काही म्हटलं, तेही धरायचं.

पहिलंच घर अजून डोळ्यासमोर आहे. दहा बाय बाराची खोली, दाराशी मोरी, वर पोटमाळा. आई जमिनीवर बसून मणी ओवत होती. इमिटेशन दागिन्यांचं काम, डझनावर पैसे. समोर स्टीलच्या ताटात मण्यांचे ढीग आणि चौदा महिन्यांची पोरगी त्या ताटाभोवती घिरट्या घालतेय. ताई येणार म्हणून तिला झालरीचा फ्रॉक, गालावर तीट. दहा मिनिटांत माझ्या कागदावर तेवीस रेघा, त्यातल्या एकोणीस हुकमाच्या. ‘हात नको लावू.’ ‘बस.’ ‘तोंडातून काढ.’ ‘इकडे ये.’ ‘बस म्हटलं ना.’ प्रश्न एकच आला, ‘मार पाहिजे का?’ तो कुठल्या रकान्यात टाकावा याचा विचार करत बसले.

परतताना मनात जे आलं ते खरं सांगते: किती रुक्ष बोलते ही बाई पोरीशी. ताईला तसं म्हटलंही. तिनं मला वेड्यात काढलं. ‘मॅडम, मणी नाकात गेला तर पोरीला घेऊन सायन हॉस्पिटलला कोण पळणार, तुम्ही?’

पुढच्या भेटीत ताईनं बोलण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिनं आईला मण्यांचं ताट घेऊन पलंगावर बसायला सांगितलं आणि पोरीच्या हातात पाण्याची एक छोटी रिकामी बाटली दिली. आत दहाबारा मणी, झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे. पोरगी बाटली आपटायची, आई ओवता ओवता वर बघायची. ‘वाजलं? परत वाजव.’ ‘अगं बाई, गेली ना पलंगाखाली. कुठे गेली?’ ताई खाली मांडी घालून बसलेली, तीही पलंगाखाली डोकावतेय.

चार महिन्यांनी तेच घर, तोच कागद. एकूण एकतीस रेघा, हुकूम अकरा. आईचा स्वभाव काही बदलला नव्हता, माझ्यावर ती पूर्वीसारखीच डाफरायची. खोली बदलली होती.

तेव्हापासून मला असं वाटतं, की आई मुलाशी काय बोलते ते निम्म्याहून जास्त तिच्या हातात काम काय आहे, पोर कुठे धडपडू शकतं आणि ऐकायला घरात कोण बसलंय यावर ठरतं. ‘मुलाशी भरपूर बोला’ असं सांगून परत आलेल्या ताया मी पाहिल्यात. पुढच्या आठवड्यात कागदावर काही फरक नसायचा.

तुमच्या घरातलं लिहा. आपलीच पोरं डोळ्यासमोर आणा आणि प्रामाणिकपणे लिहा.

ठाणे_स्लो

>>> मार पाहिजे का?

पाचवा रकाना करा, ‘धमकी’. आमच्या घरी सगळी गर्दी त्यातच होईल.

गंमत सोडा. हे ते तीन कोटी शब्दांचं प्रकरण ना? ऑफिसात सीएसआरवाल्यांनी (कंपनीचं समाजकार्य बघणारे) एकदा स्लाइड दाखवली होती, गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतं म्हणून. मी विचारलं, मोजायला कोण बसलं होतं? उत्तर आलं नाही, सामोसे आले.

शब्दकोडं

बसले होते हो, खरंच बसले होते. अमेरिकेत कॅन्सस सिटीत बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांची मंडळी ४२ कुटुंबांत महिन्यातून एकदा, तासभर, टेपरेकॉर्डर घेऊन. असं सुमारे अडीच वर्षं. १९९५ साली आकडे छापले: चांगल्या नोकऱ्या-व्यवसायांतल्या आईबापांच्या घरी मुलाला तासाला सरासरी २,१५३ शब्द ऐकू येतात, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी ६१६. त्याला जागेपणीच्या तासांनी आणि वर्षांनी गुणलं की तीन कोटी. म्हणजे तो आकडा मोजलेला नाही, गुणलेला आहे.

आणि गोम अशी, की सरकारी मदतीवरची कुटुंबं होती सहा. सहा! त्यावर जगभर स्लाइडी. २०१९ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा फक्त मुख्य सांभाळणाऱ्या व्यक्तीचं न धरता घरातल्या सगळ्यांचं आणि मुलाच्या कानावर नुसतं पडणारं बोलणंही धरलं. मग दिसलं की एकाच आर्थिक थरातल्या घराघरांतसुद्धा जमीनअस्मानाचा फरक असतो. तेव्हा ‘गरीब आई मुकी’ हे डोक्यातून काढा.

शिवाय कोपऱ्यात कोणी कागद घेऊन बसलं की कुठलीही आई नेहमीसारखी बोलणार नाही. झालरीचा फ्रॉक बोलण्यालाही घातला जातो.

आजी_गिरगाव

शब्दकोडं, बरं झालं सांगितलंत. आमच्या चाळीत पोराच्या कानावर एका मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांचं बोलणं पडायचं. गॅलरीत धान्य निवडताना, नळावर, कोणाच्या तरी दारात. कोणी मुद्दाम पोराशी ‘बोलायला’ बसलं नाही. आम्ही काय मुकी पोरं वाढवली? माझा धाकटा तर गप्प कधी बसेल याची वाट पाहायचे मी.

आणि हे घरी जाण्याचं म्हणाल तर नवीन नाही हो. मी माहेरची डहाणूकडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा पाड्यावर जाऊन अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. तुम्ही अंगणातून उंबरठ्याच्या आत गेलात इतकंच.

शब्दकोडं

आजी, चाळीबद्दल अर्धं मान्य. नुसतं कानावर पडलेलं पुरतं का, हेही कोणीतरी तपासलंय. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या, बेताच्या उत्पन्नाच्या २९ घरांतल्या १९ महिन्यांच्या मुलांच्या अंगावर दिवसभर रेकॉर्डर ठेवला (वाइस्लेडर आणि फर्नाल्ड, २०१३). दहा तासांत एका बाळाशी १२,००० हून जास्त शब्द बोलले गेले होते आणि दुसऱ्या बाळाशी ६७०. दोन्ही घरं एकाच थरातली, बरं का. पुढे दोन वर्षांची झाल्यावर ज्यांच्याशी थेट बोललं गेलं होतं त्यांची शब्दसंपत्ती जास्त निघाली. मोठ्यांचं आपापसातलं बोलणं कानावर किती पडलं याचा तिथे संबंध लागला नाही.

पण तुमच्या गॅलरीत कोणीच पोराशी थेट बोलत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. जाता-येता ‘काय रे गुंड्या, जेवलास का’ म्हणणाऱ्या अकरा मावश्या होत्या ना? ते थेटच झालं. फक्त आईच्या नावावर मांडलं गेलं नाही.

आजी_गिरगाव

अकरा नाही, दहा. एकीशी आमचं बोलणं बंद होतं. :)

निशिगंध७

इथे लिहू की नको करत होते, पण लिहिते. कांदिवलीला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा, मोजून पंधरा शब्द बोलतो. डॉक्टरांनी आधी कानाची तपासणी करायला लावली, कान उत्तम. मग स्पीच थेरपिस्टकडे जायला लागलो. त्यांनी घरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मागितला.

तो मी स्वतः पाहिला तेव्हा लाज वाटली. ‘बेबी, कम.’ ‘सिट.’ ‘नो नो, डोन्ट टच.’ ‘फिनिश इट.’ ‘गुड बॉय.’ वर त्या मणी ओवणाऱ्या आईचं वाचलं आणि चमकले. तेच सगळं आहे, फक्त माझे हुकूम इंग्रजीत आहेत. आणि माझ्याकडे मणी नाहीत, काचेचं सेंटर टेबल आहे.

सासरी-माहेरी सगळे म्हणतात तीन भाषांनी पोराचा गोंधळ झाला (आम्ही मराठी-इंग्रजी, सांभाळणारी दीदी हिंदी). थेरपिस्ट म्हणाल्या त्यानं काही बिघडत नाही. कोणी सांगेल का?

शब्दकोडं

बरोबर सांगितलं त्यांनी. दोन-तीन भाषांत वाढण्यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. मात्र मोजताना तिन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे. दीदीकडून शिकलेलं ‘पानी’ आणि ‘चलो’ धरलंत का त्या पंधरात?

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला चिडवायचं, लाडात यायचं, कुरकुरायचं असतं तेव्हा तुम्ही कुठल्या भाषेत असता? ज्या भाषेत आपल्याला फक्त सूचना देता येतात ती बाळाला कशाला? ‘फिनिश इट’च्या पुढे आपलं इंग्रजी सरकत नाही. मराठीत ‘संपवलंस? कुठे गेली पोळी? माऊ घेऊन गेली?’ असं विनासायास लांबतं.

निशिगंध७

‘पानी’, ‘चलो’ दोन्ही धरले नव्हते. सतरा झाले.

खवचट_काका

आता सगळ्यांनी ‘शोनू माझा कुठे ग्येला होता’ सुरू करा. पोरं कॉलेजात जाईपर्यंत बोबडी राहतील. आमच्या शेजारी आहे असा एक नमुना.

आजी_गिरगाव

काका, भूभू म्हटलेलं पोर मोठेपणी कुत्र्याला भूभू म्हणत नाही. तुमचा नमुना वेगळ्या कारणानं बिघडला असेल.

शब्दकोडं

काका, या विषयावर आपल्याकडे चांगलं काम झालंय. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ साली मराठीतल्या बाळबोलीवर इंग्रजीत निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली ताडून पाहिली, त्या सहांत मराठी आहे. म्हणजे आपली भूभू-माऊ जगाच्या नकाशावर केव्हाच जाऊन आली.

गंमत अशी, की भूभू, मंमं, भुर्र, बाऊ, जोजो, हम्मा हे शब्द बाळाचे नाहीतच. ते मोठ्यांचे आहेत. आईनं आजीकडून घेतले, आजीनं पणजीकडून. एकच अक्षर दोनदा, तोंडाला सोपे आवाज, लांबवलेला सूर. बाळ मान वळवतं ते त्या सुराला.

मराठी आई आणखी एक करामत करते. व्याकरण सोडून देते. मुलीला ‘आला का माझा राजा’ म्हणते. समोर बसलेल्या पोराबद्दल त्यालाच नपुंसकलिंगात विचारते, ‘बाळ जेवलं का? बाळाला झोप आली?’ आणि हुकमाला ‘आपण’ लावून गोड करते: ‘आता आपण आंघोळ करूया हं.’ आंघोळ एकाचीच होणार असते.

मधली_सुट्टी

शब्दकोडं, या ‘आपण’वरून आमच्या तायांच्या मीटिंगमध्ये भांडण झालं होतं! ‘चल, जेवूया का आपण?’ हा हुकूम की प्रश्न? एक ताई म्हणाली, प्रश्नच, ‘का’ आहे ना. दुसरी म्हणाली, पोरानं नाही म्हटलं तर ऐकणार आहे का कोणी? नाही ना? मग हुकूम. अर्धा तास गेला. शेवटी ठरलं, की आई विचारल्यावर थांबली तर प्रश्न, घास तयार ठेवूनच विचारलं तर हुकूम. मला आजही ही व्याख्या फार आवडते.

ठाणे_स्लो

हे सगळं ठीक. पण आठवड्यातून एक तास! बाकीचे एकशे सदुसष्ट तास तीच खोली, तेच मणी, तीच सासू. एका तासानं काय होणार? अहवालात फोटो छान येत असतील.

मधली_सुट्टी

रास्त प्रश्न आहे. मलाही पहिल्या महिन्यात हाच पडला होता.

या प्रकारच्या कामाचा जो मूळ पुरावा सांगतात तो जमैकाचा आहे. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटानं कुपोषणानं उंची खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं घेतली. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर आरोग्य सेविका जायची. डॉक्टर नाही, शिक्षिका नाही, वस्तीतली सेविका. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा गाठलं, तर ज्यांच्या घरी सेविका जायची त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. हे २०१४ मध्ये छापून आलं. मुलं थोडी आहेत, मान्य. पण वीस वर्षं मागावर राहणं सोपं नाही. तोच नमुना आपल्याकडे ओडिशात कटकच्या ५४ वस्त्यांत ४२१ मुलांवर करून पाहिला, तिथेही मुलांच्या आकलनात फरक दिसला.

आता तुमचे एकशे सदुसष्ट तास. त्या एका तासात ताई मुलाला शिकवत नसते. ती आईसमोर खेळते आणि हळूच आईला पुढे करते. पाचव्या मिनिटाला बाटली आईच्या हातात गेली नाही तर ती भेट फुकट, असं आमच्या सगळ्यात जुन्या ताईचं म्हणणं. अमेरिकेत १९६५ साली फिलिस लेवेनस्टाइन यांनी असाच घरी जाण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा घरी जाणाऱ्यांना शिक्षक म्हटलं नाही, खेळणी दाखवणारे म्हटलं. शिक्षिका दारात उभी राहिली की आई आपोआप विद्यार्थिनी होते आणि गप्प बसते.

सगळीकडे जमत नाही हेही लिहिते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की घर हलतं. आज डोंगरावर, उद्या नालासोपाऱ्याला. एका वर्षात माझ्या यादीतली तिसरा हिस्सा घरं अशी गेली.

आणि एक आमचीच चूक. एका घरात आई हुशार, बारावी झालेली. तिला वाटलं ताई परीक्षा घ्यायला येते. आम्ही बसलो की सुरू: ‘हे काय? हा कोणता रंग? गाय कशी ओरडते? सांग ना ताईला. काल तर सांगितलंस!’ पोर तोंड फिरवून पडद्याआड. प्रश्नांचा रकाना भरून वाहतोय आणि उत्तराच्या रकान्यात भोपळा. तिमाही अहवालात मी काय लिहिलं असेल? ‘आईच्या प्रश्नांचं प्रमाण लक्षणीय वाढलं.’ शाबासकी मिळाली. तो परिच्छेद आठवला की अजून कसंतरी होतं. आईला उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न आणि ‘कुठे गेली बाटली?’ असा खरा प्रश्न, या दोघांना मी एकाच रकान्यात कोंबत होते.

मीही_ताई

बऱ्याच वर्षांची वाचक, पहिल्यांदाच लिहिते. चुका पोटात घाला.

मी मुंबईत अंगणवाडी सेविका. आम्हाला आता शून्य ते तीन वयाच्या मुलांशी काय खेळायचं याचं ‘नवचेतना’ हे सरकारी मार्गदर्शन आलंय, महिन्यामहिन्यानुसार ३६ महिन्यांचं, १४० कृती आहेत त्यात. आशाताईसुद्धा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी जातात. कृती चांगल्या आहेत. पण मला त्याच फेरीत वजन, घरपोच आहार, लसीची आठवण आणि मोबाइलमधल्या नोंदी हे पण करायचं असतं. तासभर मांडी घालून बसायला मिळालं तर मी पण बाटली वाजवीन.

माझं एक सांगते. मी आईशी आधी बोलतच नाही, सासूशी बोलते. आई पोराशी बोलायला लागली की सासू म्हणते, ‘त्याला काय कळतंय? भिंतीशी बोलल्यासारखं काय बोलत्येस?’ की आई गप्प. नव्या सुनेला आधीच सगळ्यांसमोर बोबडं बोलायची लाज वाटते. म्हणून मी सासूला विचारते, आजी, तुमच्या वेळी बाळाला तेल लावताना काय म्हणायचात? आजी एक म्हणते, मग दुसरं आठवतं, मग पाय पसरून पोराला पायावर घेते आणि सुरूच होते. सून बघत बसते. पुढच्या वेळी सून पण म्हणते. चार वर्षांत हा उपाय दोनच घरी फसला. एका घरी सासूला ऐकू कमी यायचं.

गावाकडची बोली बोलायची पण लाज असते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी. पोराशी ‘शुद्ध’ बोलायचं म्हणून आई थोडंच बोलते. मी सांगते, तुमच्या आईशी फोनवर बोलता तसं बोला.

निशिगंध७

ताई, लिहित राहा प्लीज. शेवटची ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली. तो त्याच्या आईशी मालवणीत बोलतो आणि मुलाशी यूट्यूबच्या इंग्रजीत.

यूट्यूबवरून आठवलं, आमच्याकडे जेवताना मोबाइल लागतो. थेरपिस्टनी पहिलं तेच बंद करायला सांगितलं. पण त्यातली गाणी ऐकून शब्द येतात ना?

शब्दकोडं

नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवून पाहिलीय (पॅट्रिशिया कूल, २००३). समोर बसून माणसानं खेळत बोललेलं बाळांनी उचललं. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर काहीच उचललं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन वर्षांखाली पडदा नको आणि पुढे दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको असं आहे. घास भरवताना काऊ-चिऊ खिडकीवर बोलवायचे दिवस सत्ताविसाव्या मजल्यावर कठीण आहेत, पण कबुतरं तर येत असतील?

निशिगंध७

कबुतरांना जाळी लावली आहे. :(

पाळणाघर_चालवते

उशिरा आले धाग्यावर. इतकंच लिहिते: संध्याकाळी साडेसातला मुलाला न्यायला येणाऱ्या आयांना पहिल्या मिनिटात बघा. ‘चप्पल घाल. चल. लवकर. पिशवी कुठाय? चल ना.’ चर्चगेटवरून उभं राहून आलेल्या बाईच्या तोंडात दुसरं काय येणार? मी दाराबाहेर एक बाकडं ठेवलंय. काही जणी दोन मिनिटं टेकतात. तेवढ्यात पोर दिवसभराचं काहीबाही सांगून घेतं.

आणि अख्ख्या धाग्यात बाप कुठेय? रकान्यात नाही, खोलीत नाही. ताई येते तेव्हा तो कामावर, चुकलं तर आईचं चुकलं. हे कार्यक्रमवाले त्याच्यासाठी रविवारी का जात नाहीत?

मधली_सुट्टी

गेलो होतो. सहा महिने रविवारी. बाप भेटायचे, दाराबाहेर उभे राहायचे. ‘तुमचं चालू द्या.’ दोघेच आत येऊन बसले. त्यातला एक रिक्षावाला होता, पोरगं मांडीवर घेऊन गिअर टाकायचा खेळ खेळायचा, तोंडानं हॉर्न. त्याच्या दहा मिनिटांत एकही हुकूम नव्हता. पण हॉर्न कुठल्या रकान्यात टाकायचा, सांगा.

ठाणे_स्लो

पाळणाघर ताईंचा टोमणा लागला. या रविवारी स्वतःचाच कागद केला. मुलगी एकोणीस महिने. बायकोनं टिपलं, मी आंघोळ घातली. दहा मिनिटांत चौतीस रेघा. हुकूम सव्वीस. ‘हात वर. डोळे मिट. उभी राहा. पाणी नको उडवू.’ उरलेल्यात सहा सांगणं, दोन प्रश्न. उत्तर शून्य. ती बोलत नव्हती असं नाही, बायको म्हणाली ती सारखी काहीतरी म्हणत होती. मला नळाच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

निशिगंध७

आमच्या थेरपिस्टनी एक सांगितलंय. काही म्हटलं की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि थांबायचं. पाच म्हणजे फार असतात हो. तिसऱ्यालाच आपलं तोंड उघडतं. मी जीभ दातात धरते अक्षरशः. काल चौथ्याला ‘अजून’ आलं. इतके दिवस ‘मोअर’ शिकवत होते आणि आलं ते ‘अजून’, आजीचं.

आजी_गिरगाव

अगं बाई! दृष्ट काढ त्याची.

मधली_सुट्टी

निशिगंध, अठरा झाले. ठाणे_स्लो, बादली आधी भरून घ्या, मग आंघोळ. खोली बदला, म्हटलं ना. पुढच्या रविवारी परत टिपा आणि इथे लिहा, पळून जाऊ नका.

खवचट_काका

पुढच्या रविवारी बापाचा निकाल. हॉलतिकीट आणा.

ठाणे_स्लो

आलो, काका. बादली आधी भरून घेतली. हुकूम चौदा. बरा आहे.

पण लिहायचं वेगळंच होतं. आमच्या बाल्कनीतून भांडुपचे रूळ दिसतात. आंघोळ झाल्यावर तिला टॉवेलात गुंडाळून तिथे उभा होतो. एक लोकल गेली. सवयीनं ‘ट्रेन! बघ ट्रेन!’ म्हणणार होतो, तेवढ्यात ते पाच आठवले. गप्प राहिलो. एक, दोन, तीन. ती रुळांकडे बघत म्हणाली, ‘गेई.’ मी म्हटलं, ‘गेली.’ परत थांबलो. बऱ्याच वेळानं, पाचाच्या कितीतरी पुढे, ‘दुशी?’ म्हटलं, ‘दुसरी येईल ना. वाट बघूया.’ मग दोघं वाट बघत उभे राहिलो. आली ती फास्ट होती. तिनं हात हलवला, मीही हलवला.

आजी_गिरगाव

आणि ‘उत्तर’च्या रकान्यात रेघ मारलीत की नाही?

ठाणे_स्लो

कागद आत राहिला होता, आजी.